बरण्यावाले मामा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझा वास घेतला गेला. हे सांगितलं की ऐकणारा जरा कानकोंडा होतो, म्हणून लगेच खुलासा करते. वास घेणारे गृहस्थ माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते, चांगले दोन हात लांब उभे होते आणि त्यांच्या कमरेला संग्रहालयाच्या भांडारघराच्या किल्ल्यांचा जुडगा होता. मी मुकुंदवाडीहून रिक्षाने आले होते. लेकीला सरकारी नोकरी लागली म्हणून आईने हौसेने मोगऱ्याचा गजरा माळून दिलेला, ठेवणीतलं अत्तर मनगटाला लावलेलं. संग्रहालयशास्त्राची पदविका, नेमणुकीचं पत्र, कडक इस्त्रीची साडी असा सगळा जामानिमा करून मी दारात उभी, आणि हे आपले नाक वर करून हवेत काहीतरी शोधत होते.

“गजरा भायेर काढून ठिवा म्याडम,” ते म्हणाले. “आन मनगट धुऊन या. नळ तिकडं हाये.”

“मी इथे अधिकारी म्हणून रुजू व्हायला आलेय,” मी म्हणाले.

“व्हय, माहिती हाये मला. म्हणूनच सांगायलो. पब्लिक घंटाभर फिरती आन जाती. तुमी रोज दिवसभर राहनार.”

मी रागारागाने मनगट धुतलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तेच अत्तर लावून गेले, तर त्यांनी एक शब्द न बोलता नळाकडे बोट दाखवलं. तिसऱ्या दिवसापासून मी अत्तर सोडलं ते आजतागायत. घरी लग्नकार्य असलं तरी लावत नाही, कारण सोमवारी ऑफिसला जायचं असतं.

सगळे त्यांना मामा म्हणत. कागदोपत्री ते शिपाई होते आणि निवृत्त झाले तेही शिपाई म्हणूनच. पण भांडारघरातली कोणती वस्तू कुठल्या कप्प्यात, कशात गुंडाळलेली आणि कुणाच्या शेजारी आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगाने शिडशिडीत, पांढरा पायजमा-सदरा, डोक्याला टोपी. चितेगावच्या पुढे आत असलेल्या एका खेड्यातून पैठण रोडच्या बसने येत. घरची मेंढरं होती, भाऊ अजून ती राखत. मामांनी सातवीनंतर काठी सोडली आणि पुढे कधीतरी आमच्याकडे पहारेकरी म्हणून लागले. तंबाखू त्यांनी सोडली होती, पण तब्येतीसाठी नव्हे, नाक बोथट होतं म्हणून. कामाच्या दिवशी कच्चा कांदा खात नसत. सदरा रिठ्याच्या पाण्यात धुतलेला असे, कारण साबणाच्या वडीतला वास त्यांना खपत नसे. मामांच्या नाकाची नोंद सेवापुस्तकात वेगळी व्हायला पाहिजे, असं आमचा लेखनिक त्यांच्या तोंडावर म्हणे आणि मामा मान डोलावत.

संग्रहालय म्हटलं की लोकांना चोरांची काळजी वाटते. मामांना चोरांचं फारसं काही वाटत नसे. “चोर एकांदा येतो,” ते म्हणत, “हवा रोज येती. आन तिला कुलूप लागत नाय.” त्यातही रस्त्यावरच्या धुराला ते तितकं घाबरत नसत, कारण तो दिसतो आणि खिडकी लावता येते. त्यांचा खरा दावा होता आतल्या हवेशी. पेटीचा रंग, पेटीचं लाकूड, चिकटवायचा गोंद, रबराची पट्टी, फरशीचं फिनेल, भक्तिभावाने लावलेली उदबत्ती, या सगळ्यांतून काही ना काही उडत राहतं आणि बंद पेटीत कोंडून बसतं, हे ते येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत. बंद पेटीत वस्तू सुरक्षित असते अशी माझी समजूत होती. मामांच्या मते बंद पेटी म्हणजे वस्तूला नको त्या सोबतीबरोबर डांबणं.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रथेप्रमाणे पूजा होई. पूर्वी ती दालनातच होत असे, तलवारींच्या कपाटासमोर, धूप-कापूर-उदबत्तीसकट. मामांनी ती अंगणात आणली. कशी आणली याची गोष्ट लेखनिक रंगवून सांगे. मामांनी म्हणे पूजेच्या आदल्या दिवशी दालनातल्या काचेवर आतून हात फिरवला, बोटाला आलेली आधीच्या पूजांची काजळी साहेबांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदाला पुसली आणि तो कागद तिथेच ठेवून निघून गेले. तेव्हापासून आम्ही झाडू, कुलपं, किल्ल्या, वजनकाटा आणि टाइपरायटर अंगणातल्या कडुनिंबाखाली मांडून त्यांची पूजा करतो. तलवारींना फक्त आतून नमस्कार. देवाला चालतंय का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, “देवाला भायेर बरं वाटतंय. त्याला इचारून घेतलंय मी.”

आता बरण्यांचं सांगते. रुजू झाल्यावर उन्हाळ्यात मी एकदा गच्चीवर गेले, तर तिथे सात-आठ काचेच्या बरण्या उन्हात ओळीने मांडलेल्या. मला वाटलं मामांच्या घरचं लिंबाचं लोणचं मुरतंय. जवळ जाऊन पाहिलं तर एका बरणीत प्लायवूडचा तुकडा, दुसरीत रंग दिलेला पत्रा, तिसरीत गालिच्याचा कोपरा. प्रत्येकीत झाकणभर पाणी आणि वरून दोऱ्याने सोडलेल्या तीन वस्तू. जायकवाडीच्या कोळ्यांकडून आणलेली, जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी. पंपाच्या मोटारी बांधणाऱ्याच्या दुकानातला तांब्याच्या तारेचा तुकडा. आणि चांदीचा एक बारीक तुकडा.

“हे तीन साक्षीदार,” मामा म्हणाले. “लाकडातून आंबट वाफ निघती, ती शिशाला लागती. रबरानं, लोकरीनं चांदी काळी पडती. तांबं समद्यांचंच थोडं थोडं सांगतं. अठ्ठावीस दिवस बरणी बंद ठिवायची. साक्षीदार जसेच्या तसे निघाले तर त्यो माल आपल्या पेटीत. नाय तर दुकानदाराला वापस.”

एका बरणीत नुसते साक्षीदार होते, दुसरं काही नाही. तिला ते सोवळी बरणी म्हणत. बाकीच्या बरण्यांचा निवाडा तिच्याशी ताडून व्हायचा, आणि तिला हात लावायची मुभा मामांखेरीज कुणालाही नव्हती. हिवाळ्यात ऊन कमी पडतं म्हणून एक लाकडी खोकं होतं, त्यात बल्ब लावून बरण्या उबवत. ते खोकं त्यांच्या गावच्या कोंबडीवाल्याने दिलं होतं. ही चाचणी मी पदविकेला शिकले होते. पुस्तकात ती दहा मार्कांना होती, भट्टी आणि नळकांड्यांच्या आकृतीसकट, आणि ती मला पैकीच्या पैकी मार्क देऊन गेली होती. कुणी प्रत्यक्ष करत असेल असं काही वाटलं नव्हतं. मामांना ती लेण्यांच्या कामावर आलेल्या एका रसायनवाल्या बाईंनी शिकवली होती. बाई निघून गेल्या, बदलून आलेले साहेब बदलून गेले, बरण्या राहिल्या.

चांदी कुठून आणता, असं मी विचारलं तेव्हा मामा बरण्यांची झाकणं पुसायला लागले. उत्तर महिनाभराने मिळालं. त्यांच्या घरच्या, म्हणजे मामी, एकदा डॉक्टरकडे आल्या होत्या, जाताना संग्रहालयात डोकावल्या. मी चहा दिला. चहा पिता पिता त्या पायांकडे बघत म्हणाल्या, “माजी जोडवी सरकारी झाली बगा. एक तुटलं म्हून ठिवलं होतं, ते गेलं. मंग म्हने दुसरं एकलं काय करतंय घरी, ते बी नेलं.” मामा खिडकीबाहेर कडुनिंब बघत होते. मामींनी पुढे हसून सांगितलं की दिवाळीला त्यांना नवी जोडवी मिळाली, पण दुकानात मामांनी ती आधी हुंगली आणि सोनार खुर्चीतून उठून उभा राहिला.

मामा आता इतके चांगले वाटतात, पण तेव्हा मला त्यांचा वैतागच येई. मी शिकलेली, ते सातवी. माझ्या सहीने वस्तू हलत आणि त्यांच्या मानेने थांबत. एखादी वस्तू दालनात ठेवायची म्हटलं की ते म्हणत, “बरणीत बगू की.” नवीन पडदा, बरणीत बगू. नवा गोंद, बरणीत बगू. एकदा मी चिडून म्हणाले, “मामा, मलाही बसवा एकदा बरणीत.” ते म्हणाले, “तुमाला पयल्या दिशीच बगितलं.”

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट नाण्यांची. आमच्याकडे सातवाहनांच्या काळातली शिशाची एकतीस नाणी आहेत. पैठणच्या बाजूला एका शेतात विहीर खणताना ती सापडली आणि त्या शेतकऱ्याने ती फडक्यात बांधून स्वतः आणून दिली. काहींवर हत्ती आहे, काहींवर नुसत्या रेघा राहिल्यात. दिसायला फार काही नाहीत, मळकट करड्या चकत्या. पण एक हातात घेतलं की ते इतकं जड लागतं की हाताला आश्चर्य वाटतं. ती कधीच मांडलेली नव्हती. मामांनी पत्र्याच्या डब्यात, धुतलेल्या सुती कापडाच्या घड्यांत ती ठेवली होती.

मग दालनाचं नूतनीकरण निघालं. नवे साहेब पुण्याकडून बदलून आलेले, कामाचा उरक असलेले, आणि खरं सांगायचं तर त्यांना संग्रहालयाबद्दल मनापासून काहीतरी करायचं होतं. त्यांनी ठरवलं की दालनाच्या मधोमध मोठी काचेची पेटी आणि तिच्यात एकतीस नाणी. उद्घाटनाला मुंबईहून मोठ्या अधिकारी बाई येणार. पत्रिका छापल्या, त्यांवर नाण्याचं चित्र. पेट्यांचं काम शहरातल्याच एका नावाजलेल्या मिस्त्रींनी केलं, आणि काम देखणं होतं. आतून गर्द निळं कापड, लपवलेले दिवे, बिजागरी अशी की पेटी उघडताना आवाज नाही. पेट्या ताब्यात घेण्याच्या कागदावर एक ओळ होती: ‘पेट्यांची पाहणी केली. वस्तू ठेवण्यास योग्य आहेत.’ खाली माझं नाव. मी काच बघितली, कुलूप बघितलं, दिवा लावून बघितला आणि सही केली.

मामा पेटीपाशी आले, दार उघडलं आणि डोकं आत घातलं. मिस्त्री हसले. “क्या सूंघ रहे मामा, हलवा थोडीच है. माल एकदम अव्वल है.”

“काम अव्वलच हाये,” मामा म्हणाले. “मालाचा एक तुकडा द्या मला. बिस्किटाएवढा.”

मिस्त्रींनी उरलेल्या प्लायचा तुकडा दिला. मामा तो घेऊन साहेबांकडे गेले आणि अठ्ठावीस दिवस मागितले. उद्घाटनाला वीस दिवस होते. साहेब म्हणाले, “मामा, सगळीकडे अशाच पेट्या आहेत. कुठे काय झालंय?”

“कुठं कुणी बगितलंय साहेब,” मामा म्हणाले.

साहेबांनी विषय संपवला. मामांनी बरणी उबेच्या खोक्यात ठेवली. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. उलट मामांना एकदा तोंडघशी पडताना बघायला मिळेल असं मनात कुठेतरी होतं, हेही आता कबूल करते.

सोळाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला मागे बोलावलं. दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. सोवळ्या बरणीतली गोळी करडी होती. दुसऱ्या बरणीतल्या गोळीवर पांढरी पूड धरली होती, ओल आलेल्या जुन्या भिंतीवर खार फुटतो तशी. मी ती बाहेर काढून नखाने खरवडली. पापुद्रा सुटला आणि खाली खड्डा.

“हात धुवा लगेच,” मामा म्हणाले. “इख असतंय ते.”

मी हात धुऊन आले आणि भांडायला लागले. तुम्ही ऊब जास्त दिली असेल, पाणी जास्त घातलं असेल, सगळी नाणी काही अशी सोळा दिवसांत जाणार नाहीत, ही काही प्रयोगशाळा नाही. माझा आवाज चढला होता. त्या कागदावर माझी सही होती आणि मला नोकरीत कायम व्हायला चार महिने होते. मामांनी सगळं ऐकून घेतलं. “सोळा दिसांत नाय जानार,” ते म्हणाले, “खोक्यात ऊब हाये, तितं नाय. दालनात दोन वर्सं लागतेल, चार लागतेल. तवर तुमची बदली झालेली असंल. नाणी इथंच असतेल.”

मग ते कार्डांच्या कपाटाकडे गेले. आमच्याकडे प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं, तिच्या तब्येतीत काही फरक पडला की त्यावर लिहायचं. त्यांनी एक जुनं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. चांदीच्या दागिन्यांचं होतं, गोठ, सरी आणि लहान मुलाचे वाळे. खाली वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘दागीने काळे पडले. कारन घोंगडी. ठेवनारा मी.’ आणि पुढे मामांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

“भांडार नवीनच हाती आलं होतं,” मामा म्हणाले. “थंडीचे दिवस. दागिने उघड्या पत्र्यावर पडलेले. मला वाटलं, एवढी चांगली वस्तू, खाली कायतरी मऊ, उबदार पायजे. आमच्यात घोंगडीपेक्षा चांगलं कायच नाय. लेकरू तिच्यातच गुंडाळतेत, देवाला बी तीच आंथरतेत. मायनं सूत काततानी मी बसायचो तिच्याजवळ. ती घोंगडी मी कापली म्याडम. एकेका दागिन्याखाली एकेक तुकडा घातला. पाऊसकाळ सरल्यावर उघडून बगितलं तर समदे काळे.”

मी कार्ड जवळ ओढलं.

“त्या लेण्यांवरच्या बाई आल्या तवा कळलं, लोकरीतून गंधक निघतं. तवाचे साहेब म्हनले, घासून काढा, कुणाला कळायचं नाय. घासलं. घासलं की थोडी चांदी जाती, नक्षी बी जाती. वाळ्यावर बारीक मोर होता, त्यो गेला. बाई म्हनल्या, कार्डावर लिवा. साहेब म्हनले, कशाला लिवता, कुणी इचारनार नाय. मी लिवलं. मला तवा नीट लिवता बी येत नव्हतं. पर मोर गेला ना. कुणापायी गेला ते तरी नको का ऱ्हायला.”

कार्ड हातात घेत ते म्हणाले, “मायची घोंगडी. तिच्यात वाईट काय असंल, असं वाटलंच नाय मला.”

कार्ड त्यांनी परत जागेवर लावलं. मला काय करायचं ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “किल्ली मी देनार नाय, एवढं सांगून ठिवतो. आठ महिने ऱ्हायलेत माझे. मेमो दिला तर घेतो. तुमचं तुमी बगा.” आणि डबा उघडून जेवायला बसले.

मी तो कप्पा उघडून कार्ड पुन्हा वाचलं. सातवी शिकलेल्या माणसाने, नोकरी नवी असताना, कुणी विचारलं नसताना आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. मी त्या दिवशी जे केलं त्याचं श्रेय माझं नाही. ते अक्षर वाचल्यावर दुसरं काही करणं मला जमलंच नसतं. दोन्ही बरण्या घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. “पत्रिका गेल्यात. तुम्ही सही केलीत मॅडम.”

“केली. न तपासता केली. चुकले. तसं लेखी देते.”

त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली, फिरवली. “ह्याला काही प्रमाणपत्र आहे का? उद्या कुणी विचारलं तर कोंबड्यांच्या खोक्यात तपासलं म्हणून सांगू?”

“सर, ही गोळी मासे धरायची आहे. खराब झाली तर कोळ्याकडे दुसरी मिळते. नाण्यांचं तसं नाही.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. बरणी टेबलावर ठेवत म्हणाले, “मग मधल्या पेटीत त्या दिवशी ठेवायचं काय? रिकामी पेटी दाखवू त्यांना?”

मामा दारात येऊन उभे राहिलेले मला दिसलेच नव्हते. ते म्हणाले, “ह्या दोन बरण्या ठिवा साहेब.”

साहेबांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. ते हसतील किंवा दोघांना बाहेर काढतील असं मला वाटलं. त्यांनी टोपण लावून पेन खिशाला लावलं. “ठेवा,” ते म्हणाले. “पण बोलायचं तुम्ही. मी तिथे तोंड उघडणार नाही.”

उद्घाटनाच्या दिवशी दालन गच्च भरलं होतं. दगडी मूर्ती, मातीची भांडी, जात्याचे दगड आपापल्या जागी शोभत होते, दगडाला आणि भाजलेल्या मातीला त्या लाकडाचं भय नव्हतं. दारात मामांनी पाहुण्यांचा फुलांचा गुच्छ अदबीने हातात घेतला आणि परस्पर अंगणात नेऊन ठेवला. बाई एकेक पेटी बघत मधल्या पेटीशी आल्या. गर्द निळं कापड, लपवलेल्या दिव्यांचा उजेड, आणि त्या उजेडात लोणच्याच्या दोन बरण्या. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं. “आणि पत्रिकेवरची नाणी?”

मी पुढे व्हायला हवं होतं, झाले नाही. मामा पुढे झाले. टोपी काढून हातात धरली होती. त्यांनी पेटी उघडली, एकेक बरणी दाखवली, ही सोवळी, ही ह्याच पेटीच्या लाकडाची, सोळा दिवसांत गोळीचं असं झालं, नाणी ह्याच धातूची हायेत. कुणाचं नाव घेतलं नाही. पेटी चुकीची म्हणाले, केली कुणी आणि पास केली कुणी ते बोलले नाहीत. शेजारी मिस्त्री उभे होते, मामा त्यांच्याकडे वळून म्हणाले, “काम लई सुरेख हाये ह्यांचं. लाकडाची सवयच तशी.”

बाई वाकून त्या गोळ्यांकडे बघत राहिल्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, “पण मी मुद्दाम नाण्यांसाठी आले होते. आता कधी बघायला मिळणार?”

“दोन महिने लागतेल,” मामा म्हणाले. “त्यांनी दोन हजार वर्सं दम धरला म्याडम. तुमी दोन महिने धरा.”

मला इतका अभिमान वाटत होता की डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस माझ्या खात्यात शिपाई होता, माझ्या हाताखाली होता, आणि त्या खोलीत त्याच्याएवढा मोठा दुसरा कुणी नव्हता. बाईंनी एकदा पेटीकडे, एकदा मामांकडे बघितलं. “धरते,” त्या म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात. नवी पेटी लोखंडी चौकटीची झाली, रंग भट्टीत भाजलेला, आतलं कापड बिनकांजीचं, तळाशी वाफा शोषून घ्यायला पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा भरलेला कप्पा. ती केली त्याच मिस्त्रींनी, आणि तिचा प्रत्येक तुकडा आधी बरणीतून पास होऊन आला. पहिले काही दिवस ते मामांशी बोलत नव्हते. मग एक दिवस येऊन म्हणाले, “मामा, एक बरणी हमकू भी देव. गिऱ्हाइकां को दिखाताऊं.” त्यांनी दुकानात ती अजून ठेवली आहे असं ऐकते. मला मेमो मिळाला आणि कायम व्हायला चारऐवजी दहा महिने लागले. तो मेमो माझ्या फाइलमध्ये आहे. त्यावर ‘न तपासता सही’ असं लिहिलेलं आहे, आणि मी तो कुणापासून लपवत नाही. बाई पुढे खरंच आल्या, गाडी-बिडीचा लवाजमा न आणता, आणि अर्धा तास नाण्यांसमोर उभ्या होत्या.

मामांना मेमो मिळाला नाही. साहेबांनी त्यांना बढती मिळावी म्हणून पत्र लिहिलं, ते कुठल्या तरी टेबलावर राहिलं आणि मामा शिपाई म्हणूनच घरी गेले. निरोपाला आम्ही शाल दिली. त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि चहा होईपर्यंत दालनात पाय ठेवला नाही, कारण शाल लोकरीची होती. निरोपाचं भाषण आम्ही अंगणात उभं राहून केलं.

आता संग्रहालय माझ्याकडे आहे. दर वर्षी एका ठरावीक आठवड्यात मी पेटी उघडते, एकतीस नाणी एकेक करून बाहेर काढते, भिंगाखाली बघते, वजन करते, आदल्या वर्षीच्या फोटोशी ताडते. पूर्ण दिवस जातो. मग कार्डावर दोन शब्द लिहिते. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसायचं नाही. शाळांच्या सहली येतात, मुलं नाण्यांपाशी अर्धं मिनिट थांबतात आणि तलवारींकडे धावतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्या संध्याकाळी मामांचा फोन येतो. गावात नेटवर्क नीट नाही, म्हणून ते शेताच्या बांधावर चढून बोलतात, मागे मेंढरांचा आवाज असतो. तब्येत, पाऊसपाणी, घरची माणसं यातलं काही विचारत नाहीत.

“काय लिवलं?” ते विचारतात.

“फरक नाही,” मी सांगते.

“एकतीसच्या एकतीस?”

“एकतीसच्या एकतीस, मामा.”

“बरं मंग,” ते म्हणतात आणि फोन ठेवून देतात.